चिमूटभर मॅग्नेशियम

दर शनिवारी संध्याकाळी योगेंद्र बोरसे काचेच्या नळ्यांची टोपली मांडीवर घेऊन शेअर-रिक्षात बसायचा, आणि दर शनिवारी कुणाला ना कुणाला वाटायचं की हा पोरगा दारू नेतोय. गुजरातेत दारूबंदी. त्यात टोपली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, आतून काच किणकिणतेय आणि पोरगा चाललाय नवागामला. पोलिसाने संशय घ्यायचा नाही तर काय आरती करायची? उधन्याच्या नाक्यावरचा जमादार पुढे ओळखीचा झाला, पण पहिल्या वेळी त्याने रिक्षा थांबवून काठीने टोपली टोचली होती.

"अंदर क्या है?"

"परीक्षानळ्या, साहेब. युनिव्हर्सिटीच्या."

"क्या बनाता है इसमें?"

योगेंद्रने खरं ते सांगितलं. "टी-आरएनए."

जमादाराने एक नळी उचलून नाकाशी धरली. हुंगली. "नया माल लगता है," तो म्हणाला, "बास ही नहीं आती." आणि जरा नाराज होऊनच त्याने रिक्षा सोडली.

नवागाम म्हणजे सुरतेच्या अंगाला लागलेलं अर्धं खानदेश. शिंदखेडा, पारोळा, साक्री, सगळे तालुके एकेका गल्लीत येऊन राहिलेले. योगेंद्रचा बाप सखाराम तिथूनच रोज लूमच्या खात्यात जायचा. सुरतेत यंत्रमागाच्या शेडला खातं म्हणतात. आयुष्य गेलं तरी त्यात जमा काही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. योगेंद्र मामाकडे दोंडाईच्याला राहून बी.एस्सी. झाला, एम.एस्सी.ला सुरतेला आला, पहिल्या वर्गात आला, आणि तिथेच अडकला. पहिला वर्ग मिळाला नसता तर केव्हाच सुटला असता.

त्याला अडकवणारे म्हणजे नायकसर. गणदेवीकडचे अनाविल ब्राह्मण, अंगाने भारी, आवाजाने मऊ. मुंबईत शिकल्यामुळे आपल्याला मराठी येतं अशी त्यांची पक्की समजूत होती. पीएच.डी.ला नाव घातलं त्याच दिवशी त्यांनी योगेंद्रची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली.

"मी सांभाळून ठेवते," सर म्हणाले. "तुमच्या नवागाममां उंदर बहु. थिसिस दे आणि घेऊन जा. टेन्शन नको ले."

दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतचं योगेंद्रचं सगळं आयुष्य सरांच्या लोखंडी कपाटात गेलं. कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. म्हणजे ती मागायची तर सरांच्या सदऱ्यात हात घालायला हवा.

तो नेमकं काय करतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एका रविवारी सखारामने विचारलंच. घरात सगळे अहिराणी बोलायचे. योगेंद्रची अहिराणी मात्र विज्ञान आलं की पातळ व्हायची आणि तो पुस्तकी मराठीवर घसरायचा.

"तू करस तरी काय रे तठे?"

"आप्पा, अंगात प्रथिनं विणली जातात, तुमच्या लूमवर कापड विणतात तशी. त्याला लागणारा एकेक दाणा पाठीवर घेऊन हमाल येतो. त्या हमालाचं नाव टी-आरएनए. त्याच्या पाठीवर माल चढवणारा मुकादम वेगळा, त्याला एन्झाइम म्हणतात. माल चढला का नाही, किती चढला, हे मी बघतो."

"हमाल शे, मुकादम शे, माल शे," सखाराम म्हणाला. रिंगरोडच्या कापड मार्केटात हे तिन्ही त्याने रोज पाहिले होते. "मंग अडचन काय शे?"

"हमाल म्हणजे एक लांबलचक तार आहे. ती घडी होऊन बसली तरच हमालाचा आकार येतो. पण तारेच्या अंगभर एकाच जातीची वीज. ती आपली आपल्यालाच ढकलते. घडी बसत नाही."

सखारामने विडी खाली ठेवली. "हिवायामा पॉलिस्टरनी तार फुगस, तशी?"

योगेंद्र बघतच राहिला. कोरड्या थंडीत पॉलिस्टरचे धागे अंगावर काटा आल्यासारखे उभे राहतात, एकमेकांपासून पळतात, तार तुटते, माग थांबतो. खात्यात तेव्हा जमिनीवर पाणी मारतात, की हवेत ओल येते आणि तार शांत होते.

"तश्शीच, आप्पा."

"आम्ही पानी मारतस. तुम्ही काय मारतस?"

"मॅग्नेशियम. ते नसलं तर मुकादमाला ताकद देणारी शिदोरीसुद्धा उघडत नाही. पण पेशीत आणखी एक चीज असते, स्पर्मिडीन म्हणून. लवचिक दोरीसारखी, दोरीवर जागोजागी उलट्या जातीची वीज. तीसुद्धा तार बांधून धरते. आमच्या सरांचं म्हणणं असं, की दोरी असली तर मॅग्नेशियमची गरजच नाही."

"आन तुनं काय म्हननं शे?"

"माझं म्हणणं कोण विचारतो?"

सखारामने पुन्हा विडी तोंडात धरली. बापाला विज्ञानातलं एवढं कळलं याचा योगेंद्रला आनंद झाला. पण आपलीही गत हमालासारखीच आहे, माल पाठीवर आणि उतरवायची परवानगी मुकादमाकडे, हेही त्याला तेव्हाच कळलं.

नळ्या घरी का यायच्या, त्याचं कारण प्लेग. विभागात भटू नावाचा एक पटावाला, म्हणजे शिपाई होता, शिंदखेड्याचाच. काच धुणं हे त्याचं काम. सुरतेत प्लेग आला त्या साली अर्धं नवागाम मिळेल त्या गाडीने गावाकडे पळालं, त्यात भटू गेला, तो परतलाच नाही. गावात त्याने पिठाची गिरणी घातली. विभागाने त्याची जागा भरली नाही, आणि विभागाच्या नळाला पाणी यायचं ते सकाळी, तेही करंगळीएवढं. ऊर्ध्वपातित पाण्याचं यंत्र तर आठवड्यातून दोनदा रुसायचं. योगेंद्र बिचारा सबंध शनिवार मोरीत नळ्या घासत बसायचा. हे एकदा आईच्या कानावर गेलं.

"ये माय!" सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "बाटल्या धोवाले इतलं शिकना का रे तू? आन मनाकडे. मी धोई दिसू."

योगेंद्रने आढेवेढे घेतले, भांड्यांच्या पावडरीचे पुडे आणून दिले, कसं धुवायचं ते दोनदा समजावलं आणि मोकळा झाला. रविवारी दुपारी सुभद्राबाई ओट्यावर बसून नळ्या धुवायच्या. नळ्यांच्या तोंडात बोट जात नाही म्हणून त्यांनी बांगडीच्या तारेला जॉर्जेटची चिंधी गुंडाळून खास हत्यार केलं होतं. धुऊन झाल्या की नळ्या उन्हात उलट्या लावायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांना सांगायचं, "हात नका लावजात, सायनन्या बाटल्या शेतस." सायन म्हणजे सायन्स. शेजारच्या प्रमिलाबाईंनी एकदा विचारलं, यात काय औषध होतं का? सुभद्राबाई म्हणाल्या, "व्हई. पन आजून व्हवानं शे."

सोमवारी योगेंद्र नळ्या घेऊन जायचा. पाणी वाचवायचं म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याने एकदाच विसळायचा, आणि वहीत लिहायचा: आम्लात भिजवल्या, दोनदा विसळल्या. असं सगळेच लिहितात. पुस्तकात तसंच असतं.

आणि निकाल कसा यायचा म्हणता! बेकरीच्या यीस्टमधून काढलेला टी-आरएनए, त्याच यीस्टचं एन्झाइम, आणि चढवायचा माल म्हणजे मुंबईहून बर्फात आलेलं किरणोत्सारी ल्युसिन. मॅग्नेशियम नाही आणि स्पर्मिडीनही नाही, तर माल चढत नाही. मॅग्नेशियम नाही पण स्पर्मिडीन आहे, तर मोजणीचं यंत्र भराभर आकडे ओकतं. एकदा नाही, दहादा. नायकसर ते आकडे डोळ्यांजवळ धरून वाचायचे, डबीत राहिलेला शेवटचा पेढा बघावा तसे. तरुणपणी त्यांनी हे म्हटलं होतं तेव्हा मुंबईत लोक हसले होते. आता निवृत्ती जवळ आली होती, हैदराबादला परिषद होती, आणि सरांचं भाषण ठरलं होतं.

"बस, छेल्लुं टेबल," सर म्हणायचे. छेल्लुं म्हणजे शेवटचं, टेबल म्हणजे आकड्यांचा तक्ता. गेल्या दोन वर्षांत शेवटची टेबलं इतकी झाली होती की पहिलं कुठलं ते योगेंद्रला आठवेना.

अशात सुरतेजवळच्या हजीऱ्याची संधी आली. तिथल्या एका गॅसच्या कारखान्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केमिस्ट हवा होता. योगेंद्रने अर्ज केला आणि सरांना सांगितलं.

"जा ने," सर मऊपणाने म्हणाले. "कोण थांबवते? छेल्लुं टेबल दे, मी किल्ली देते. पण या वेळी प्लास्टिकच्या नळ्या वापर. परदेशात काच कोण बघत नाय. मी मुंबईवरून मागवलं आहे."

नळ्या आल्या. पिशवीतून काढायच्या, वापरायच्या, फेकायच्या. धुवायची भानगड नाही. योगेंद्रने मोठ्या हौसेने टेबल लावलं.

शून्य.

म्हणजे अगदी शून्य नव्हे. मॅग्नेशियम घातलेल्या नळीत माल झक्क चढला होता. पण नुसत्या स्पर्मिडीनच्या नळीत काही म्हणता काही नाही. त्याने पुन्हा केलं. स्पर्मिडीनची नवी बाटली फोडली. एन्झाइम नवं काढलं. शून्य. मग जुन्या काचेच्या नळ्या घेतल्या, त्याच बाटल्या, तेच हात, आणि आकडे भराभर आले.

"प्लास्टिक खराब," सरांनी निदान केलं. "मुंबईना वेपारी चोर छे. तू काच वापर."

प्लास्टिक खराब असतं तर मॅग्नेशियमवालीही नळी मेली असती, हे योगेंद्रच्या जिभेपर्यंत आलं होतं. जिभेपुढे दात असतात. त्याने ते मिटले.

बुधवारी हजीऱ्याला मुलाखत झाली. तोंडी प्रश्न थोडे आणि मग हातात चंचुपात्र. पाण्याची जडता मोजून दाखवा. जडता म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, ते. बॉयलरला ते चालत नाही, नळ्यांत खडू धरतो. यात एक रंगद्रव्य टाकतात. मॅग्नेशियम असलं तर दारूसारखा तांबूस रंग, नसलं तर निळा. योगेंद्रने आधी रिवाजाप्रमाणे कोरा नमुना घेतला, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी. निळा यायला हवा. आला तांबूस.

समोरचे साहेब मिशीत हसत होते. "काय झालं?"

"भांडं धुतलेलं नाही, साहेब," योगेंद्र म्हणाला. "म्हणजे धुतलंय, पण साध्या पाण्याने. बोअरच्या."

"शाबास. आतापर्यंत सगळ्यांनी रंगद्रव्याला शिव्या घातल्या." साहेबांनी हात पुढे केला. "सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन या. रुजू व्हा."

हजीऱ्याहून बस निघाली तेव्हा योगेंद्रला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. पण पाल गावाच्या आसपास त्याचंच वाक्य शेजारच्या सीटवर येऊन बसलं. भांडं धुतलेलं नाही, साहेब. त्याने खिडकीबाहेर बघितलं. वाक्य उतरेना. अडाजण आलं, तापीचा पूल आला, चौक आला, स्टेशन आलं, वाक्य शेवटपर्यंत तिकीट काढून बसलेलं.

घरी आला तर गेल्या रविवारी उरलेल्या नळ्या सुभद्राबाई ओट्यावर धूत होत्या. योगेंद्र आत गेला. माळ्यावर पावडरीचे पुडे एकावर एक रचलेले, एकही फोडलेला नाही. वरती प्लास्टिकचा कागद घातलेला, धूळ बसू नये म्हणून.

"माय, हाई पावडर?"

"ती राहू दे. तुन्हा लगीनमा भांडा घासाले लागी." सुभद्राबाईंनी मान वर केली नाही. "साबूनी चिकट जास नही रे. राखनं घासं का काच आरसानामायक चमकस."

शेजारी डालड्याचा जुना डबा. त्यात आंघोळीच्या पाण्याच्या चुलीची राख, खात्यातून आणलेल्या पॉलिस्टरच्या तुकड्यातून चाळलेली, हाताला लागत नाही इतकी मऊ. आणि बादलीत बोअरचं पाणी, ज्यात डाळ शिजत नाही. नळी उन्हात धरली की आत दुधाच्या सायीहून पातळ असा एक पांढुरका पापुद्रा दिसायचा. योगेंद्रने तो पाच वर्षं पाहिला होता. राख त्याने जन्मापासून पाहिली होती, म्हणून ती दिसली नव्हती. राखेत मॅग्नेशियम असतं हे त्याने दोंडाईच्याला पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते; पण ते मॅग्नेशियम पुस्तकातल्या राखेतलं. आईच्या डालड्याच्या डब्यातलं नव्हे.

"अशी काय पाहस?" सुभद्राबाईंनी विचारलं. "वास येस का?"

"नही, माय. चांगल्या धुतल्या."

गुरुवारी त्याने कागदाच्या पुडीत चिमूटभर राख नेली. पाण्यात कालवली, गाळली. प्लास्टिकच्या नळीत स्पर्मिडीन, आणि वरून त्या पाण्याचा एक थेंब. यंत्राने आकडे ओकले. दुसऱ्या नळीत राखेचं पाणी, पण स्पर्मिडीन नाही. काही नाही. तिसऱ्यात दोन्ही, आणि शिवाय मॅग्नेशियम मुठीत धरून ठेवणारं ईडीटीए. काही नाही.

झालं. गोष्ट सोपी होती. दोरी एकटी काही करत नव्हती, आणि चिमूटभर मॅग्नेशियमही एकटं पुरत नव्हतं. दोघं मिळाले की माल चढायचा. तार बांधायचं बरंचसं काम दोरी उचलायची, म्हणून मॅग्नेशियम मूठभराऐवजी चिमूटभर पुरायचं. पण चिमूट हवीच. शिदोरी तिच्याशिवाय उघडत नव्हती. सरांनी म्हटलं होतं, नको. आयुष्यभर म्हटलं होतं.

आता हे ठाऊक असणारा जगात एकटा योगेंद्र. असं काही आपल्याला एकट्याला ठाऊक असलं की छाती फुगते म्हणतात. योगेंद्रची आत गेली. सोमवारी हजीरा. टेबल हवं. टेबल द्यायचं तर काचेच्या नळ्या घ्यायच्या, आईचे हात लागलेल्या, आणि मुकाट्याने आकडे लिहायचे. त्यात खोटं काय? आकडे तर खरेच यायचे. एक अक्षर खोटं लिहावं लागणार नव्हतं. खोटं आधीच लिहून झालं होतं, पाच वर्षांमागे: आम्लात भिजवल्या, दोनदा विसळल्या.

शुक्रवारी त्याने काचेच्या नळ्यांवर टेबल लावलं. इतकं सुंदर टेबल आजवर आलं नव्हतं. शनिवारी सकाळी ते घेऊन तो सरांच्या खोलीत गेला. खोलीला एकच खिडकी, तीही कपाटाने अर्धी झाकलेली. पंखा फिरत होता, पण वारा सरांच्या बाजूला.

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. मग खुर्चीतून उठले, योगेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "जो, मी काय बोलत होता? मॅग्नेशियमनी जरूर नथी! हैदराबादमां बधांनां तोंड बंद." आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, हात आत घातला आणि जानवं ओढून किल्ली बाहेर काढली.

योगेंद्रने ती किल्ली पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिली. एवढीशी होती. ट्रंकेच्या कुलुपाची असते तशी.

कपाट करकरलं. वरच्या खणात फायली, मधल्यात सरांचा रेनकोट, आणि खालच्या खणात तपकिरी पाकीट, त्यावर योगेंद्रच्याच अक्षरात योगेंद्रचं नाव. सर वाकले. सर भारी, त्यांना वाकायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात योगेंद्रला उगाचच दिसलं, की आपण हजीऱ्याला टेबलापाशी उभे आहोत, चंचुपात्रात रंग टाकला आहे, तो तांबूस आला आहे. उद्या तांबूस, परवा तांबूस. निवृत्त होईस्तोवर रोज तांबूस. बॉयलरच्या पाण्यातलं मॅग्नेशियम पकडायचा पगार घ्यायचा आणि हे एक सोडून द्यायचं.

"सर," तो म्हणाला, "आई राखेने घासते."

"हं?" सरांचा हात पाकिटावर होता.

"नळ्या. आई घरी धुते. राखेने. बोअरच्या पाण्याने. मी आम्लात घालत नव्हतो. प्लास्टिकच्या नळीत राखेचं पाणी घातलं की येतं. ईडीटीए घातलं की जातं. मॅग्नेशियम होतं, सर. सगळीकडे होतं."

सर वाकलेलेच राहिले. योगेंद्रला वाटलं, पाठीत उसण भरली. मग ते हळूच सरळ झाले, रिकाम्या हाताने. खुर्चीत बसले. किल्ली जानव्याला तशीच लोंबत होती, सदऱ्यावर.

"कितने बखत किया?" त्यांनी विचारलं. धक्का बसला की सर हिंदीत जायचे.

"तीनदा, सर."

"ईडीटीए?"

"तेही."

सरांनी टेबलाचा कागद पालथा घातला. रागावतील, ओरडतील, हाकलून देतील अशी योगेंद्रची तयारी होती. हाकलून दिलं तर पाकीट तरी हातात येईल, असंही कुठेतरी मनात होतं. सर ओरडले नाहीत. ते खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या भागातून बाहेर बघत राहिले.

"तुझ्या बा ने, तुझ्या आईने, माझ्या पाच वर्षात राख टाकली, भाई," ते शेवटी म्हणाले. थोडं हसले पण. "अने सारुं थयुं, बरं झालं तू बोलला. हैदराबादमां कोणी दुसरा बोलला असता तर?" मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं. पेनचं टोपण काढल्यावर सर थांबत नसत. "हवे जो, आता बघ. स्पर्मिडीन असेल तर मॅग्नेशियम किती कमी चालते? ते माप. प्लास्टिकमां. पाणी पहिले साफ कर. दरेक एमिनो एसिड अलग. नवुं टायटल. दोढ वरस, बे वरस. टेन्शन नको ले."

"सर, सोमवारी हजीरा..."

"हजीरा कुठे जाते?" सर म्हणाले, उठले आणि कपाट लावलं. किल्ली सदऱ्यात गेली. बटण लागलं.

सोमवारी योगेंद्र हजीऱ्याला गेला नाही. मिशीवाल्या साहेबांना त्याने फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "वाईट झालं, तुमचं भांडं तेवढं स्वच्छ होतं." हे ऐकून त्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने बूथवाल्याला पैसे दिले आणि विभागात जाऊन प्लास्टिकच्या नळ्या मांडल्या.

घरी त्याने आप्पांना तेवढं सांगितलं. सखारामने ऐकून घेतलं, विडी पेटवली. "म्हंजे हमाल खरं बोलना," तो म्हणाला, "आन मुकादमनी दुसरा गठ्ठा दिधा." मग आवाज खाली आणून, "तिले नको सांगजो."

त्या शनिवारी योगेंद्र मोकळ्या हाताने घरी आला. आता टोपलीची गरज नव्हती. सुभद्राबाईंनी रविवारी जेवणं उरकली, ओटा धुतला, डालड्याचा डबा काढला, राख पुन्हा एकदा चाळली आणि दाराकडे पाहिलं.

"बाटल्या?"

"आता प्लास्टिकच्या आल्या, माय. धुवायला नाही लागत."

"हा का," त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. प्रमिलाबाई गल्लीतून चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, आज सायन नाही का? सुभद्राबाई म्हणाल्या, सायनला आज सुट्टी शे. आणि ओट्यावर तशाच बसून राहिल्या, तारेला गुंडाळलेली चिंधी सोडवत, पुन्हा गुंडाळत.

पुढच्या शनिवारी उधन्याच्या नाक्यावर रिक्षा थांबली. योगेंद्रच्या मांडीवर टोपली होती, लुगड्यात बांधलेली. आत त्याच काचेच्या जुन्या नळ्या; सकाळी नळ आला तेव्हा त्याने त्यांत चहाचं पाणी फिरवून त्या मळवल्या होत्या, आईला संशय यायला नको म्हणून.

"क्यों, टी-आरएनए," जमादाराने विचारलं, "आज क्या माल है?"

"खाली है, साहेब," योगेंद्र म्हणाला.

जमादाराने टोपली हलवली. काच किणकिणली. "खाली है तो ढोता क्यों है?"

मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला. योगेंद्रने टोपली सावरून पोटाशी धरली, आणि रिक्षा नवागामकडे निघाली.